जुनी डिझेल गाडी: ठेवावी की बदलावी?

इंग्लंडमधल्या मराठी मंडळींच्या गप्पांत घराच्या कर्जाखालोखाल हमखास निघणारा विषय म्हणजे दारातली जुनी डिझेल गाडी. २०१०-१४ च्या सुमारास घेतलेली, लाखभर मैल झालेली, एमओटी दर वर्षी बिनबोभाट पास होणारी. तिला काही झालेलं नाही, आणि तरीही तिला ठेवावं की नाही ही टोचणी मनात असते. माझ्या एका मित्राचा हाच प्रश्न गेले सहा महिने चालू आहे. तो स्लाउला राहतो, गाडी २०१२ ची स्कोडा ऑक्टाव्हिया, १.६ लिटर डिझेल. त्याला मिळालेले सल्ले दोनच प्रकारचे: "इलेक्ट्रिक घे, पृथ्वी वाचव" किंवा "चालतेय ना, मग चालव, नवी गाडी बनवतानाच जास्त प्रदूषण होतं".

दोन्ही सल्ले अर्धे बरोबर आहेत, कारण दोन वेगवेगळे प्रश्न एकात मिसळले गेले आहेत. गाडीच्या धुरात आपल्याला त्रासदायक अशा दोन गोष्टी असतात. एक कार्बन डायऑक्साइड. तो स्लाउमध्ये सुटला काय किंवा सोलापुरात, परिणाम सगळ्या पृथ्वीवर सारखाच. दुसरी गोष्ट म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडं (पुढे त्यांना नॉक्स म्हणतो) आणि काजळीचे सूक्ष्म कण. त्यांचा उपद्रव त्या रस्त्यावरच्या, त्या शाळेच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या माणसांना. या दोन्हींची गणितं वेगळी आहेत आणि कधीकधी उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध येतात.

आधी आपण सगळे डिझेलच्या नादी कसे लागलो ते पाहू. मार्च २००१ पासून ब्रिटनने नव्या गाड्यांचा रस्ता-कर कार्बन डायऑक्साइडच्या ग्रॅमवर ठरवायला सुरुवात केली. तेव्हा सहा-सात नव्या गाड्यांतली एखादी डिझेल असे. दहा-बारा वर्षांत ते प्रमाण दोनात एक झालं. सरकारचं शास्त्र चुकीचं नव्हतं, अर्धवट होतं. पेट्रोलच्या इंजिनात हवा-इंधनाचं मिश्रण ठिणगीने पेटतं. डिझेलमध्ये फक्त हवा इतकी दाबली जाते (मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या भागापर्यंत) की ती तापून इंधन आपोआप पेट घेतं. जास्त दाबामुळे त्याच उष्णतेतून जास्त काम मिळतं, शिवाय लिटरमागे डिझेलमध्ये ऊर्जाही थोडी अधिक. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.६५ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, पेट्रोलचा आकडा २.३. पण डिझेल गाडी लिटरमागे इतकी पुढे जाते की मैलाचा हिशेब तिच्याच बाजूने लागतो.

गोम आहे ती त्याच दाबात. हवेतला जवळजवळ ७८ टक्के नायट्रोजन एरवी कशाच्या अध्यातमध्यात नसतो, कारण त्याच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध तोडायला फार ऊर्जा लागते. पण तापमान साधारण १८०० केल्विनच्या वर गेलं की ऑक्सिजनचे सुटे अणू हा बंध फोडू लागतात आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. या अभिक्रियेचा उलगडा सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ याकोव झेल्दोविच यांनी केला, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. म्हणजे नॉक्स डिझेलमधून येत नाही, इंजिनात ओढलेल्या हवेतूनच येतं. इंधन कितीही शुद्ध केलं तरी ते थांबत नाही.

नॉक्स पेट्रोलच्या इंजिनातही तयार होतं. पण तिथे हवा इंधनाच्या बेताला बरोबर पुरेल इतकीच आत घेतात, त्यामुळे धुरात मोकळा ऑक्सिजन जवळजवळ उरत नाही, आणि एक साधा उत्प्रेरक नॉक्सचं पुन्हा नायट्रोजन करून टाकतो. डिझेल इंजिन हवेच्या बाबतीत सढळ. धुरात ऑक्सिजन भरपूर उरतो आणि तोच उत्प्रेरक नॉक्ससाठी निकामी ठरतो. त्यामुळे डिझेलवाल्यांना वेगळे उपाय करावे लागले: धुराचा काही भाग परत इंजिनात सोडून ज्वलन थंड करणं, आणि नंतरच्या गाड्यांत युरियाचं पाणी (पेट्रोल पंपावर ॲडब्लू नावाने मिळतं ते) धुरात फवारणं. युरियापासून अमोनिया होतो, अमोनिया आणि नॉक्स मिळून नायट्रोजन आणि पाणी. केमिस्ट्री सुंदर आहे, पण उत्प्रेरक दोनेकशे अंश सेल्सिअस तापल्याशिवाय ती नीट चालत नाही.

आता लंडनच्या यूलेझचा नियम बघा. २९ ऑगस्ट २०२३ पासून तो लंडनच्या सगळ्या बरोंना लागू झाला. त्यात २००६ ची पेट्रोल गाडी सहसा फुकट फिरते आणि २०१४ च्या डिझेलला दिवसाला साडेबारा पौंड पडतात. अनेकांना हा उघड अन्याय वाटतो. पण आकडे ठेवून पाहा. पेट्रोलसाठी युरो ४ ची नॉक्स-मर्यादा किलोमीटरला ८० मिलिग्रॅम. डिझेलसाठी युरो ४ मध्ये ती २५०, युरो ५ मध्ये १८०, आणि युरो ६ मध्ये जाऊन ८०. म्हणजे पेट्रोलने जी पायरी युरो ४ मध्ये गाठली ती डिझेलने युरो ६ मध्ये गाठली. युरो ६ सगळ्या नव्या गाड्यांना बंधनकारक झालं सप्टेंबर २०१५ मध्ये. नियम गाडीचं वय पाहत नाही, ही पायरी पाहतो.

आणि हे झाले कागदावरचे आकडे. २०१४ मध्ये आयसीसीटी या संस्थेने प्रत्यक्ष रस्त्यावर मोजलं तेव्हा युरो ६ डिझेल गाड्या सरासरी मर्यादेच्या सातपट नॉक्स सोडताना आढळल्या. त्याच्या आदल्या वर्षी वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या चमूने अमेरिकेत फोक्सवॅगनच्या दोन गाड्यांच्या मागे उपकरणं बांधून त्या रस्त्यावर पळवल्या आणि त्यातून पुढचं सगळं प्रकरण बाहेर आलं. प्रयोगशाळेतली चाचणी ओळखून तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागणारं सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत होतं. माझ्या मित्राच्या ऑक्टाव्हियात त्याच घराण्यातलं इंजिन आहे. १.६ लिटरवाल्या गाड्यांना दुरुस्ती म्हणून नवं सॉफ्टवेअर आणि हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या आधी बसवायची एक छोटी प्लास्टिकची जाळी मिळाली. त्यानंतर सप्टेंबर २०१७ पासून युरोपात नव्या मॉडेलना रस्त्यावरची चाचणी लागू झाली, आणि सप्टेंबर २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीला. म्हणून "युरो ६ आहे" एवढ्यावर समाधान मानून २०१६ ची डिझेल घेऊ नका. यूलेझ तिला सोडेल. तिच्या मागच्या सायकलवाल्याची सुटका होईलच असं नाही.

काजळीची गोष्ट थोडी निराळी, आणि खिशाशी जास्त निगडित. युरो ५ पासून डिझेल गाडीत डीपीएफ म्हणजे काजळीची गाळणी असते. मधाच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा, त्यातल्या नळ्या आलटून-पालटून एकेका टोकाला बंद केलेल्या. त्यामुळे धुराला भिंतीतूनच झिरपावं लागतं आणि काजळी मागे अडकते. गाळणी उत्तम काम करते. पण घरातली चहाची गाळणी आपण झटकतो. ही झटकायची कशी? तर आतच जाळून. त्यासाठी गाळणीचं तापमान ६०० अंशांच्या आसपास न्यावं लागतं. गाडीचा संगणक मुद्दाम थोडं जास्तीचं डिझेल सोडून ते नेतो, आणि हे काम पुरं व्हायला पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्या वेगाने गाडी चालावी लागते.

माझ्या मित्राचा दिनक्रम असा: सकाळी मुलांची शाळा दोन मैल, तिथून स्टेशन दीड मैल, संध्याकाळी उलट. इंजिन तापतं न तापतं तोच बंद. दर वेळी सफाई सुरू होते आणि अर्ध्यात तुटते. जास्तीचं सोडलेलं डिझेल मग सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळत इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि डिपस्टिकवर पातळी चक्क वाढलेली दिसते. ऑइल "वाढलेलं" पाहून खूश होणारा माणूस मी पाहिला आहे! शिवाय ऑइलमधल्या रसायनांची राख गाळणीत साठत जाते, ती कशानेच जळत नाही. लाखभर मैलांनंतर गाळणी काढून साफ करणं किंवा बदलणं येऊ शकतं, आणि बदलायचं बिल हजार पौंडांच्या वर सहज जातं. काही गॅरेजवाले "आतून पोकळ करून देतो" म्हणतात. तसलं काही करू नका. फेब्रुवारी २०१४ पासून गाळणी काढलेली गाडी एमओटीत नापास होते, आणि मुख्य म्हणजे ती काजळी मग शाळेच्या फाटकापाशी सुटते.

आता कार्बनचं गणित. इथे जरा आकडेमोड करावी लागेल, पण कागद-पेन्सिलीची आहे.

मित्राची गाडी गॅलनला ५० मैल देते, म्हणजे लिटरला १७.७ किलोमीटर. २.६५ किलोला १७.७ ने भागलं की किलोमीटरला १५० ग्रॅम. तेल उपसणं, शुद्ध करणं, वाहून आणणं यासाठी त्यात साधारण पाव भाग मिळवा: १८५ ग्रॅम धरू. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगमधली गळती धरून १०० किलोमीटरला सुमारे १९ युनिट वीज खाते. ब्रिटनची वीज युनिटमागे २०० ग्रॅम धरली (हा आकडा मी हात सैल सोडून घेतलाय, रॅटक्लिफ-ऑन-सोअर हे देशातलं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झालं आणि आकडा उतरता आहे) तर किलोमीटरला ४० ग्रॅमच्या आत. बचत सुमारे १४५ ग्रॅम.

पण ती नवी गाडी कारखान्यात बनताना, बॅटरीसकट, १० ते १४ टन कार्बन डायऑक्साइड सुटलेला असतो. मधला १२ टनांचा आकडा घेऊ. १२ टन भागिले १४५ ग्रॅम म्हणजे साधारण ८३,००० किलोमीटर, ५१,००० मैल. तेवढं चालल्यावर कर्ज फिटणार. वर्षाला १०,००० मैल चालवणाऱ्याचं पाच वर्षांत फिटतं. मित्र जेमतेम ४,००० मैल चालवतो. त्याला तेरा वर्षं लागतील.

"इलेक्ट्रिक गाडीचं कार्बन-कर्ज दोन वर्षांत फिटतं" असं तुम्ही वाचलं असेल. तेही खरं आहे, पण ते नव्या इलेक्ट्रिकची तुलना नव्या पेट्रोलशी करतं. तिथे कारखान्यातला फरक फक्त चार-पाच टनांचा असतो, कारण दोन्ही गाड्या बनवायच्याच असतात. तुमच्या दारात गाडी आधीच उभी असेल तर तो हिशेब तुमचा नाही. आणि गंमत बघा, नव्या हायब्रिडचं गणित तर आणखी हुकतं. गॅलनला ६० मैल देणारी हायब्रिड इंधनाच्या उपशासकट १३५ ग्रॅमवर येते, बचत ५० ग्रॅम. सात टनांचं कर्ज फेडायला १,४०,००० किलोमीटर.

इथे एक प्रामाणिक आक्षेप घ्यायला हवा. जुनी गाडी विकली म्हणजे ती नाहीशी होत नाही. ती कोणीतरी घेतं आणि चालवतं, त्या माणसाची त्याहून जुनी गाडी आणखी कोणाकडे जाते, आणि साखळीच्या टोकाला एखादी वीस वर्षांची गाडी भंगारात जाते. तसंच नवी गाडीही तुम्ही मरेपर्यंत वापरणार नाही, पाच-सहा वर्षांनी विकाल. तेव्हा १२ टन पूर्ण आपल्या माथी मारणं ही कडक बाजू झाली. नेमकी वाटणी कशी करायची यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण वर्षाला कमी मैल चालवणाऱ्याने कार्बनच्या नावाखाली कोरी गाडी घेणं हा महागडा आणि कमजोर उपाय आहे, हा निष्कर्ष कुठल्याही वाटणीने फारसा हलत नाही. मित्राची बदलून होणारी वार्षिक बचत एक टनाच्या थोडी आत. लंडन-मुंबई जाऊन-येऊन एका माणसाच्या वाट्याला त्याहून जास्त येतं, आणि ते चौघं दर वर्षी जातात. (मीही जातो.)

म्हणजे गाडी ठेवावी? नाही. इथेच दुसरा प्रश्न येतो.

फेब्रुवारी २०१३ मध्ये आग्नेय लंडनमधल्या लुइशमला एला अडू-किस्सी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी दम्याच्या तीव्र झटक्याने गेली. तिचं घर साउथ सर्क्युलर या वर्दळीच्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. डिसेंबर २०२० मध्ये कॉरोनरने निकाल दिला की हवेच्या प्रदूषणाचा तिच्या मृत्यूत ठोस वाटा होता. ब्रिटनमध्ये मृत्यूच्या कारणांत असं नोंदवलं जाण्याची ती पहिली वेळ. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक शिफारस घनमीटरला १० मायक्रोग्रॅमवर आणली. ब्रिटनची कायदेशीर मर्यादा ४० आहे. डिझेलच्या धुराला संघटनेच्याच कर्करोग-संशोधन विभागाने २०१२ मध्ये नक्की कर्ककारक म्हणून नोंदवलं.

हे उपद्रव मैलांवर तेवढे अवलंबून नाहीत, जेवढे ते मैल कुठे आणि कसे चालले यावर आहेत. मोटरवेवर तापलेल्या इंजिनाने धावणारी युरो ५ डिझेल आणि सकाळी पावणेनऊला शाळेसमोर थंड इंजिनाने घुरघुरणारी तीच डिझेल, या माणसांच्या फुप्फुसांच्या दृष्टीने दोन निराळ्या गाड्या आहेत. म्हणजे ज्याचे मैल कमी आणि शहरातले, त्याला कार्बन सांगतो "बदलू नकोस" आणि रस्ता सांगतो "आजच बदल". वर गाळणीचं बिल टपून बसलेलं.

ही कोंडी सुटते सेकंडहँडने. चार-पाच वर्षं वापरलेल्या इलेक्ट्रिक गाडीचं कारखान्यातलं कर्ज पहिल्या मालकाने बऱ्यापैकी फेडलेलं असतं, आणि लहान बॅटरीची गाडी दिवसाच्या दहा मैलांना पुरून उरते. मित्राच्या घरी ड्राइव्हवे आहे, रात्रीच्या स्वस्त दराने चार्जिंग होईल. त्याचं डिझेल वर्षाला पाचशे पौंडांच्या आसपास जातं. त्यात सासू-सासऱ्यांना आणायला हीथ्रो (तोही यूलेझमध्येच येतो) आणि लंडनच्या कार्यक्रमांचे तीसेक दिवस धरले तर यूलेझचे ३७५ पौंड. माझं मत त्याला सांगितलं: डिझेल काढ, कोरी काही घेऊ नकोस, जुनी छोटी इलेक्ट्रिक बघ, आणि घेण्याआधी बॅटरीची तब्येत दाखवणारा रिपोर्ट माग. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, स्वतःचं चार्जिंग नसलेल्या माणसाला मी जुनी पेट्रोल हायब्रिड सुचवेन. टायरची झीज सगळ्यांचीच होते, इलेक्ट्रिकचीही, तेव्हा शाळा चालत जाण्याइतकी जवळ असेल तर तो पर्याय या सगळ्यांच्या वर.

उलट, लेस्टरहून रोज साठ-सत्तर मैल मोटरवेने जाणाऱ्याची गाळणी निरोगी असते आणि गाडी अजून बरीच वर्षं काढेल. पण वर्षाला १५,००० मैल म्हणजे नव्या इलेक्ट्रिकचंही कर्ज साडेतीन वर्षांत फिटणार. परवडत असेल तर कार्बनच्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा याच माणसाचा. परवडत नसेल तर मोठा खर्च निघेपर्यंत डिझेल चालवावी. त्यात अपराधी वाटण्याजोगं काही नाही.

आपल्यापैकी पुष्कळांना हाच प्रश्न दुसऱ्यांदा सोडवावा लागतो, पुण्या-ठाण्यात आई-बाबांच्या दारात उभ्या असलेल्या डिझेलसाठी. तिथे हे आकडे उचलून नेऊ नका. भारतातली वीज अजून मुख्यतः कोळशाची. तारांमधली गळती धरून युनिटमागे ८०० ग्रॅमच्या आसपास समजा. छोटी इलेक्ट्रिक गाडी १०० किलोमीटरला १५ युनिट खाईल, म्हणजे किलोमीटरला १२० ग्रॅम. लिटरला १८ किलोमीटर देणारी डिझेल, उपशासकट, १८० च्या आसपास. बचत ६० ग्रॅम, आणि कारखान्यातलं कर्ज आठ-साडेआठ टन. बाबा वर्षाला ४,००० किलोमीटर चालवत असतील तर ते फिटायला पस्तीस वर्षं! गच्चीवर सोलर असेल तर चित्र बदलतं, पण दिवसा गाडी घरी उभी असली पाहिजे. दिल्लीचा दहा वर्षांचा डिझेल-नियम महाराष्ट्राला लागू नाही. पंधरा वर्षांनी फिटनेस तपासून नोंदणी पाच वर्षं वाढवून मिळते. एप्रिल २०२० च्या आधीची बीएस ४ डिझेल असेल तर तिची नॉक्स-मर्यादा २५० मिलिग्रॅम होती, म्हणजे युरोपच्या युरो ४ इतकी. पेठेतल्या गल्लीत ती चालवण्यापेक्षा रोजच्या कामांना सीएनजी रिक्षा आणि गावाला जाताना भाड्याची गाडी हा हिशेब बहुतेक घरांत स्वस्तात बसतो. बाबांना तो पटवणं मात्र तुमच्यावर.